दहावं बटण

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर बसवलं ते मी. त्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकंच फिरतं. पोटच्या पोराला बोललेलंही हिला एवढं लागत नाही, असं घरचे म्हणतात.

त्या सकाळी काजमावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. सहा वर्षं काजाच्या मशीनवर बसतात, म्हणून हे नाव. या महिन्यात त्या कायम व्हायच्या होत्या. अट एकच, वर्षभरात बिनपगारी रजा दहा दिवसांच्या वर नको. कायम होणाऱ्यांची यादी दुपारी बारापर्यंत साहेबांकडे जायची होती आणि सॉफ्टवेअरने मावशींचं नाव गाळलं होतं. रजा दिसत होती तेरा दिवस.

"तेरा कसे गं?" मावशी म्हणाल्या. "लेकीच्या बाळंतपणाला गेले बुधवारी. एक आठवडा सोडून मंगळवारी मशीनवर हजर."

"सॉफ्टवेअर चुकत नाही, मावशी."

"बरंय बाई त्याचं. माझं रोज चुकतं."

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून मूठभर बटणं काढली आणि माझ्या कीबोर्डशेजारी एकेक मांडायला लागल्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मग हात थांबला. "शनिवार-रविवार कारखाना बंद. तेव्हा येऊन काय कुलपाशी गप्पा मारू?" सोमवार ते शुक्रवार पाच बटणं. पुन्हा कुलूप. मग शेवटचा सोमवार. झाली नऊ.

मी तोऱ्यात सेटिंग उघडलं, त्यांचं तोंड बंद करायलाच. बिनपगारी रजा मोजायचे दोन पर्याय होते, कामाचे दिवस किंवा कॅलेंडरचे दिवस. टिक दुसऱ्यावर होती. खाली टिक करणाऱ्याचं नाव होतं. माझं.

मग आठवलं. सॉफ्टवेअरमध्ये पहिली रजा आली ती वॉचमनकाकांची. गेट सातही दिवस चालू, त्यांना ठरलेली सुट्टी नाही, म्हणून मी कॅलेंडरचे दिवस निवडले. त्यांचा गट वेगळा करायचा कंटाळा केला आणि अख्ख्या कारखान्याला वॉचमन करून टाकलं!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, चूक माझी आहे."

"मग उसव आणि परत शिव. साडेअकरा वाजलेत."

काकांचा गट वेगळा केला, बाकी सगळ्यांना कामाचे दिवस लावले आणि 'पुन्हा मोजा' दाबलं. आकडे भराभर खाली यायला लागले. पॅकिंगच्या तिघी सुटल्या, कटिंगमास्तर सुटले. मावशींच्या नावापुढे आलं नऊ. मी अशी काही ओरडले की शेजारच्या कॅशियरनी चहा अंगावर सांडला. माझी चूक लिहून नवी यादी पाठवली. बाराच्या आत साहेबांचं उत्तर आलं, यादी मंजूर, आणि तुम्ही जरा येऊन भेटा. बोलणी तर खायचीच होती, पण इतक्या आनंदात मी ती कधी खाल्ली नसतील.

मावशींनी बटणं अजून उचलली नव्हती. "म्हणजे मी कायम?"

"कायम!"

त्यांनी ॲप्रनला डोळे पुसले. मग खिशात हात घातला आणि नऊच्या रांगेत आणखी एक बटण ठेवलं.

"दहा चालतात ना? मग उद्याची रजा लिही. लेकीकडे सगळे दिवस स्वयंपाक आणि धुण्यातच गेले. नातीला मांडीवर घ्यायचं राहूनच गेलंय."