पुढचा वाढदिवस कोणाचा?

दार चित्रलेखामावशींनी उघडलं, तिथेच सगळं बिघडलं, असं नुपूरला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. ती स्वतः पुढे असती तर दार उघडलंच नसतं. ट्रुगानिना या उपनगरातल्या त्या घरात राहायला आल्यापासून बेल वाजली की ती जागच्या जागी थांबायची. पार्सल असेल तर पायरीवर पडू द्यायचं, गाडी लांब गेल्याचा आवाज आला की मग आत घ्यायचं. मावशींचं उलट होतं. मालाडच्या शाळेत जन्मभर शिकवून त्या मुलाकडे इथे आल्या आणि मुलगा कामासाठी पर्थला गेला. मोठं घर खायला उठायला लागलं म्हणून त्यांनी मागच्या दोन खोल्या नुपूरला आणि तिच्या ओवीला भाड्याने दिल्या. दारावर कोणीही आलं की त्यांना बरंच वाटायचं.

नुपूर स्वयंपाकघरात कणीक मळत होती. बाहेर रखरखीत वारा सुटला होता. जाळीच्या दारातून एका पुरुषाचा आवाज आत आला. इंग्रजी, शांत, म्हातारा. कसला तरी सर्व्हे होता.

"या घरात अठरा वर्षांवरची माणसं किती राहतात?"

"दोघी. मी आणि माझी भाडेकरू."

"दोघींपैकी पुढचा वाढदिवस कोणाचा येतो?"

"माझा तर होऊन गेला. तिचा येईल आता, पुढच्या महिन्यात."

"मग मला त्यांच्याशी बोलावं लागेल."

"मी सांगते ना! मला सगळी माहिती आहे इथली."

"सॉरी मॅम. त्यांच्या जागी दुसरं कोणी चालत नाही."

नुपूरचे हात पिठात तसेच राहिले. मग ती भानावर आली. हॉलमधून तिने ओवीला दंडाला धरून उठवलं आणि दोघी कपडे धुण्याच्या खोलीत शिरल्या. आतून कडी लावली. ओवीच्या दंडावर कणकेची बोटं उमटली होती.

"मम्मा, हू इज इट?"

"कोणी नाही. गप्प बस."

मावशी आल्या तेव्हाही तिने दार लगेच उघडलं नाही. "अगं, गेला तो," मावशी म्हणाल्या. "बिचारा उन्हाने लाल झाला होता. परत येईन म्हणालाय."

परत येईन. तेच तर.

नवरा अनिश आणि ती सिडनीतल्या ब्लॅकटाउनला राहत होती. तो एका मोठ्या कंपनीत आयटीत होता, हुशार, लोकांत गोड बोलणारा. घरी त्याने कधी फार मारलं नाही, असं ती स्वतःशी म्हणायची, आणि त्या 'फार' या शब्दाची तिला लाज वाटायची. तिच्या फोनवरचं सगळं त्याच्या फोनवर दिसायचं. गाडी कुठे उभी आहे ते दिसायचं. ती पहिल्यांदा घर सोडून एका मैत्रिणीकडे गेली, तेव्हा एके दुपारी मीटर तपासायला म्हणून एक माणूस आला. गळ्यात कार्ड होतं, हातात टॅबलेट होता. घरात कोण कोण राहतं, एवढंच त्याने विचारलं. त्याच संध्याकाळी अनिश दारात उभा होता, हसत, ओवीसाठी फुगा घेऊन. दुसऱ्यांदा ती निघाली ती थेट राज्याबाहेर. नवा फोन, नवी गाडी, नवी नोकरी. पत्ता कोणालाच दिला नाही, पुण्यात आईलाही नाही.

आणि तिचा वाढदिवस अनिशला पाठ होता.

सर्व्हेवाला दुसऱ्या वेळी आला तेव्हा घरात कोणी नव्हतं. पत्रपेटीत एक कार्ड पडलं होतं: तुमची भेट झाली नाही, पुन्हा येऊ. सोबत एक पत्र. त्यावर नाव नव्हतं, नुसतं 'रहिवासी'. तुमचं घर यादृच्छिक पद्धतीने निवडलं गेलं आहे, असं त्यात होतं. नुपूरने ते वाक्य पुनःपुन्हा वाचलं. एवढी मोठी वस्ती, एकासारखं एक घर, रस्त्यामागून रस्ते, आणि त्यातून नेमकं हेच?

बालवाडीत तिच्यासोबत काम करणाऱ्या तेजश्रीला तिने ते पत्र दाखवलं. तेजश्रीला थोडंफार माहीत होतं. "अगं, त्यांच्या वेबसाइटवरून नंबर काढ, पत्रावरचा नको घेऊस. फोन करून विचार." नुपूरने फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, हो, सर्व्हे आमचाच आहे, त्या भागात फ्रँक नावाचे आमचे गृहस्थ फिरतायत, नो वरीज.

"झालं ना समाधान?" तेजश्रीने विचारलं.

"सर्व्हे खरा असेल. पण माणूस खरा कशावरून? त्यांच्यातल्याच कुणाला पैसे देऊन कामाला लावलं असेल तर?"

"कुणाचं तरी घर निघायचंच होतं ना, नुपूर."

"कुणाचं तरी निघू दे की. माझंच का?"

तेजश्रीने पत्राची घडी घालून ते तिच्या हातात परत दिलं.

तिसऱ्या वेळी ती ओवीला शाळेतून घेऊन येत होती. कोपऱ्यावर वळताना तिला तो दिसला. टोपी, खांद्याला पिशवी, फाटकाशी उभा. तिने गाडी थांबवली नाही. मान न वळवता सरळ पुढे नेली, ती थेट शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये.

"व्हाय आर वी नॉट गोइंग होम?"

"आइस्क्रीम खायचंय ना तुला?"

"आय डिडन्ट से दॅट," ओवी हळूच म्हणाली. तिला अंदाज आला होता. ब्लॅकटाउन सोडलं त्या दिवशीही असंच आइस्क्रीम मिळालं होतं.

त्या आठवड्यात नुपूरचं जेवणावरून मन उडालं. कामावर एका लहानग्याचं नाव दोनदा चुकलं. तिने दूर दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला मितालीला फोन केला. मिताली तिची युनिव्हर्सिटीतली मैत्रीण, तिथल्या हॉस्पिटलमध्ये होती. "ये गं, कधीही ये," मिताली म्हणाली. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. मावशींना तिने फक्त चार दिवस जाऊन येते असं सांगितलं. मावशींनी तिच्या बॅगांकडे पाहिलं, एवढ्या बॅगा चार दिवसांसाठी कशाला हे त्यांना कळलं, पण त्यांनी वाटेसाठी थालीपीठं बांधून दिली, दुसरं काही विचारलं नाही.

गाडी रस्त्यावर काढली आणि समोरच्या फूटपाथवर तोच माणूस.

त्याची पाठ तिच्याकडे होती. तो चालत होता. बाजूने निघून जावं, हायवे गाठावा, हे सरळ होतं. पण मग टूवूंबातही ती बेल वाजली की कपडे धुण्याच्या खोलीतच जाणार होती. हा माणूस कोणाचा, एवढं तरी कळायला हवं. तो कोणाला फोन लावतो, कोणत्या गाडीत बसतो, तेवढं तरी. तिने दारं लॉक केली आणि सावकाश त्याच्या मागून निघाली.

तो एकेक घर मागे टाकत होता. एका अंगणात एक सरदारजी झाडांना पाणी घालत होते, त्यांनी हात केला, हाक मारली. यानेही हात केला आणि पुढे गेला. दार उघडं, माणूस समोर, बोलायला तयार, तरी हा थांबला नाही. बरीच घरं सोडून तो एका दाराशी गेला, तिथे कुत्रा अंगावर धावून आला आणि आतून कोणीतरी खेकसलं. हा मागे सरला, टॅबलेटवर काही टिपलं, पुन्हा चालू लागला. पुन्हा घरं सोडली. पुढच्या घरी कोणीच नव्हतं, पत्रपेटीत कार्ड टाकलं. मग एका झाडाच्या सावलीत फूटपाथच्या कडेला तो बसला आणि बूट काढून तळवा चोळायला लागला.

"इज ही अ बॅड मॅन?" ओवीने विचारलं.

"माहीत नाही, बाळा."

नुपूरने गाडी त्याच्यापासून थोडी लांब थांबवली. इंजिन चालू ठेवलं. काच बोटभर खाली घेतली.

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

तो दचकला. उभा राहिला आणि जवळ यायच्या ऐवजी दोन पावलं मागे झाला. एका पायात बूट नव्हता. "ऑफिसने," तो म्हणाला. गळ्यातलं कार्ड त्याने उंच धरलं.

"कार्ड मीही बनवू शकते. माझं घर कसं निवडलं?"

"तुमचं कुठलं?"

तिने पत्ता सांगितला नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

"नकाशावरचे तुकडे कॉम्प्युटर काढतो," तो सांगू लागला. "तुकडा निघाला की पहिलं घर कुठलं, तेही तोच काढतो. तिथून पुढे ठरावीक घरं सोडत जायचं. मला नावं देत नाहीत. दारं देतात."

"मग ज्यांना बोलायचं नाही त्यांना सोडा. शेजारी जा. ते सरदारजी बोलावत होते तुम्हाला."

"बोलावतात. चहापण देतात. पण बोलावतील तिथेच गेलो तर मला दार उघडणारी माणसंच भेटतील, मॅम. मग मी लिहिणार, या वस्तीत सगळे मजेत आहेत."

नुपूरचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. "आणि वाढदिवस? वाढदिवस कशाला विचारता?"

"घरात जो सगळ्यात आधी बोलतो त्यानेच बोलू नये म्हणून. नाहीतर बहुतेक घरांत नवराच उत्तरं देतो." त्याने ओवीकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली नेली. "तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. मी परत येणार नाही. आणि पुरुषाशी बोलायचं नसेल तर ऑफिस बाई पाठवतं. घरीच असं नाही, लायब्ररीत भेटतात."

तिने काच वर केली आणि गाडी जोरात काढली. आरशात तो तिथेच उभा दिसला, एक पाय उचलून.

हायवेवर पेट्रोल पंपावर ओवीला टॉयलेटला जायचं होतं. ती परत येईपर्यंत नुपूर गाडीला टेकून उभी राहिली. हा अनिशचा माणूस असता तर? पण अनिश वाट बघणाऱ्यांतला नव्हता. सिडनीत दुपारी पत्ता लागला आणि संध्याकाळी तो दारात होता. इथे पहिली बेल वाजून कितीतरी दिवस उलटले होते, आणि आला होता तो फक्त हा दुखऱ्या पायाचा म्हातारा. हे मनाला पटत होतं. पंपावर येणारी प्रत्येक गाडी मात्र ती न्याहाळत होती. तरी तिने गाडी परत फिरवली, कारण टूवूंबा फार लांब होतं आणि ओवी मागच्या सीटवर आवाज न करता रडत होती.

सोमवारी तिने ऑफिसला फोन करून बाई मागितली.

लायब्ररीच्या काचेच्या खोलीत लान नावाची व्हिएतनामी बाई भेटली. नुपूर दाराकडे तोंड करून बसली. आधी साधे प्रश्न होते: तब्येत, कामाला जायला लागणारा वेळ, शेजारी ओळखीचे आहेत का. मग लान म्हणाली, "पुढचे प्रश्न एकटीलाच विचारायचे असतात. इथे कोणी ऐकत नाही ना?" आणि तिने विचारलं, जोडीदाराने कधी तुमच्यावर पाळत ठेवली आहे का.

"हो."

कधी घाबरवलं आहे का? "हो." कधी मारलं आहे का?

'फार नाही' असं तिच्या ओठांवर आलं होतं. समोर उत्तरं दोनच होती, हो किंवा नाही. "हो," ती म्हणाली.

पोलिसांना सांगितलंत? नाही. इतर कोणाला? तेजश्रीला सांगितलेलं अर्धवट होतं, ते मोजायचं की नाही हे तिला कळेना. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"थांबूया का?" लानने विचारलं.

"नको. पुढचं विचारा."

शेवटी लानने मदतीच्या फोन नंबरांचा एक कागद पुढे सरकवला.

"मला बघून देताय?"

"नाही. प्रत्येकाला देतो, कोणी काहीही उत्तर दिलं तरी."

त्या 'प्रत्येकाला'ने नुपूरला का कोण जाणे, रडू फुटलं. लानने टॅबलेट बंद केला आणि नुपूर शांत होईपर्यंत ती बसून राहिली.

त्यातल्याच एका नंबरवरून पुढची वाट निघाली. पोलिसांपुढे सांगताना तिला वाटलं होतं तितके शब्द अडले नाहीत, एकदा ते तोंडातून बाहेर पडलेले होते. मावशींनाही तिने एका संध्याकाळी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मावशींनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "आणि मी त्याला दारात उभं राहून तुझा वाढदिवस सांगितला गं!"

अनिशने जवळ येऊ नये असा आदेश कोर्टाकडून मिळायचा होता. तारखेच्या दिवशी तेजश्री रजा टाकून सोबत आली. अनिश येईल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कोर्टाच्या खोलीबाहेरच्या लांबलचक बाकांवर बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर बाळ होतं. एक म्हातारी पर्स घट्ट धरून बसली होती. एक मुलगी नुपूरच्या बालवाडीतल्या पालकांपैकी निघाली. दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि नजर वळवली, मग थोड्या वेळाने त्या मुलीने सरकून जागा करून दिली. यांच्यातल्या कितीजणींच्या दारावर असं विचारायला कोणी आलंच नसेल, नुपूरच्या मनात आलं. आणि कोणी आलं तरी कितीजणींचे नवरेच बोलले असतील.

लिफ्ट उघडली की ती बाहेर पडणारा प्रत्येक चेहरा निरखून पाहायची.

मग एका माणसाने दार उघडून तिचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट, भरल्या हॉलमध्ये, मोठ्याने. ट्रुगानिनाला आल्यापासून तिचं नाव असं कोणी उच्चारलं नव्हतं. नुपूरने लिफ्टकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. तेजश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"येस," नुपूर म्हणाली, आणि उठली.