रुमालाखालची अक्कलदाढ

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका अक्कलदाढेचा, तिच्या भयाचा आणि त्या भयाहूनही अधिक ठणकणाऱ्या मत्सराचा वृत्तांत क्रमाने निवेदन करणार आहे. दाढ माझ्या मुखातील होती. मत्सर माझा चुलतबंधू बजरंग याच्याविषयी होता.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मी दलाली करतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला आहे, हे त्याचे तोंड उघडून सांगणे हा माझा नित्याचा व्यवसाय. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बोटे सरकवली की कितीही मारका बैल जबडा उघडतो. ही विद्या बजरंगला मीच शिकवली. परंतु शिकवणाऱ्याला मागे ठेवून शिकणाऱ्याचे नाव पुढे गेले.

गेल्या दिवाळीनंतर बजरंगने आपली अक्कलदाढ काढून घेतली. पुढच्याच बाजारी तो गालात कापसाचा बोळा धरून आला आणि अवाक्षर न बोलता त्याने एक खिलार जोडी विकून दाखवली. आमच्याकडे भाव मुखाने सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, जितकी बोटे धरली जातात त्यावरून आकडा समजतात, आणि तो आकडा त्या दोघांच्या बाहेर जात नाही. त्यामुळे बजरंगचे मौन सौद्याला आडवे आले नाही. उलट त्याची कीर्ती झाली.

माझी पत्नी रेश्मा हिने ही हकिकत गिरणीत सांगितली, तिच्या बहिणीला फोनवर सांगितली आणि मलाही अनेकवार ऐकवली. "मानूस असावा तर असा," हे तिचे उद्गार. शिवाय वेलची घातलेली शेवयांची खीर पितळी डब्यात भरून तिने स्वतः त्याच्या घरी पोचवली. माझ्या कोणत्याही दुखण्यात तो डबा फडताळातून खाली उतरला नव्हता.

अशा परिस्थितीत माझी दाढ सुजली. नगरच्या दंतवैद्य मोनिका मॅडम यांनी फोटो पाहून निदान केले की दाढ हाडात आडवी झोपली आहे, ती कापून काढावी लागेल. त्या क्षणापासून माझ्या चित्ताचे स्वास्थ्य हरपले. मी लवंग धरली, नाथांचे नामस्मरण केले, दीर्घ श्वास घेतले. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि तो पाहिल्याचा आजही पश्चात्ताप होतो. बाजारात बैलाच्या जबड्यात हात घालताना माझाच जबडा आवळू लागला. एकदा दाढ काढण्यास निघालो, तो नगरच्या वाटेवरील पांढऱ्या पुलावर चहा घेऊन परत फिरलो आणि डॉक्टर रजेवर असल्याचे घरी सांगितले.

रेश्मा म्हणाली, "म्या फोन लावला हुता. मॅडम दवाखान्यातच हुत्या. आन् तुमाला पुलावर चा पिताना लोकांनी बघितलं."

मी लवंग पुन्हा दाढेखाली सरकवली.

"आता बजरंग भावजी येत्याल तुमच्या संगं. म्या सांगितलंय त्यांना."

वाचकहो, त्या वाक्याने दाढेचा ठणका क्षणभर थांबला, कारण त्याहून मोठा ठणका छातीत सुरू झाला. मी विचारले, "मला काय राखण लागती का?"

"पुलावरनं माघारी फिरनाऱ्याला लागती," ती म्हणाली आणि भांडी घासू लागली.

ठरल्या दिवशी आम्ही बजरंगच्या पिकअपमध्ये निघालो. मी खिडकीशी, रेश्मा मध्ये. वाटभर तिने त्यालाच प्रश्न विचारले. भूल कशी देतात, आवाज येतो का, नंतर काय खावे. जणू दाढ अद्याप त्याचीच निघायची होती. तो हसत हसत उत्तरे देत होता. पांढरा पूल आला तेव्हा त्याने गाडीचा वेग मुद्दाम वाढवला.

"दादा, चहा?" त्याने मिश्कीलपणे विचारले.

रेश्मा पदर तोंडाला लावून हसली. मी बाहेरची बाभळीची झाडे पाहत राहिलो.

दवाखान्यात तर कळस झाला. मोनिका मॅडम त्याला ओळखून म्हणाल्या, "अरे, हे तुमचे भाऊ का? तुम्ही किती छान सहकार्य केलं होतं!" मग माझ्याकडे वळून, "या काका, बसा." माझ्यात आणि बजरंगमध्ये वयाचे फार अंतर नाही. तरी मी काका झालो.

खुर्ची मागे कलली. भूल दिली तेव्हा मी डोळे मिटून निभावून नेले. परंतु हत्यारांचा खणखणाट कानी पडताच माझा जबडा मिटला तो मिटलाच.

"काका, तोंड उघडा. काका!"

"आज राहू द्या," मी दातांमधून बोललो आणि उठू लागलो. दारात रेश्मा उभी होती. तिच्या मुद्रेवर राग नव्हता, हेच अधिक दुःसह होते. ती बजरंगकडे पाहत होती.

बजरंग आत आला. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

"मॅडम, इथं मी हुभा ऱ्हातो. दादा, ऐक. जितकं दुखंल तितकी बोटं धर. मी मॅडमला सांगतो. पाची धरली का सौदा मोडला. गाडी काढतो, घरी जाऊ."

रुमालाखाली समोरच्याचा हात आला की दलालाचा हात आपोआप सावध होतो. आजवर बजरंगने माझ्याकडून हव्या त्या आकड्यावर सौदा कधी नेला नव्हता. मी मनात निश्चय केला: याला दोन बोटांच्या वर जाऊ देणार नाही. आणि मी तोंड उघडले.

यंत्र घरघरले. मी एक बोट धरले. हिरडी ओढली गेली. दोन. मॅडमनी दाढेचे तुकडे करण्यास आरंभ केला, तरी दोनच. दुखण्यापेक्षा दडपणच अधिक होते, आणि त्या दडपणात मला फक्त बजरंगचे हसू दिसत होते. मग हाडात कडकन आवाज झाला, तो डोक्याच्या आतून आला, आणि माझा सारा निश्चय विरघळला. मी त्याची पाचही बोटे मुठीत आवळली.

सौदा मोडला होता. बजरंगने तोंड उघडायला हवे होते. तो गप्प राहिला. फक्त दुसऱ्या हाताने त्याने माझी मूठ घट्ट दाबून धरली.

"झालं काका," मॅडम म्हणाल्या. "निघाली."

बाहेर आल्यावर रेश्माने प्रथम त्यालाच विचारले, "भावजी, किती बोटं धरली ह्यांनी?"

"वहिनी, रुमालाखालचं बाहेर सांगत न्हाईत." मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "पर तुमाला म्हनून सांगतो. दोनाच्या वर गेला न्हाई दादा."

माझ्या तोंडात बोळा होता. खरे सांगणे शक्य नव्हते, आणि प्रामाणिकपणे लिहितो, इच्छाही नव्हती. संध्याकाळी रेश्मा बहिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या ह्यांनी दोनाच्या वर बोट धरलं न्हाई बघ. मानूस असावा तर असा!" ज्या शब्दांसाठी मी दिवाळीपासून झुरत होतो, ते शब्द मला मिळाले होते, पण ते बजरंगने दिलेले होते. आता मला त्याच्या धीराचाच नव्हे, त्याच्या मोठेपणाचाही मत्सर वाटू लागला.

रेश्माने खीर केली. माझी वाटी भरून पुढे ठेवली आणि पितळी डबा भरून म्हणाली, "भावजींना देऊन येते."

मी तिच्या हातून डबा घेतला आणि सुजलेला गाल सांभाळत स्वतः गेलो. बजरंग ओट्यावर बसला होता.

"दादा, आता किती दुखतंय रं?"

मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि रुमालाशिवाय, उघडउघड, त्याच्या दारात त्याच्या हाताची पाचही बोटे धरली. त्याने डब्याचे झाकण उघडले.

मत्सर समूळ नष्ट झाला, असे मी लिहिणार नाही. त्याच्या डब्यातली खीर माझ्या वाटीतल्या खिरीपेक्षा घट्ट होती.

आपण वेळ काढून हे वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

गहिनीनाथ भिमाजी,
मु. पो. घोडेगाव, ता. नेवासा.