डिक्कीतून बोलणारा बुढा

त्या दिवशी साखरखेर्ड्याच्या बाजारात भाजीवाले एकमेकाले विचारत होते म्हणे, "आज गिऱ्हाईक गेलं कुठं बे?" गिऱ्हाईक आमच्या दारात होतं. गाडी पाहाले. गाडी म्हणजे आमचीच, सात सीटाची पांढरी गाडी. कोणी तिले हार घालून राह्यलं होतं, कोणी बोनेटवर हळदकुंकू वाहून राह्यलं होतं. एका बाईनं चाकाखाली नारळ ठेवला. मी म्हणलं, माय, गाडी जराशी मागं घेतली तं आपोआप फुटते, तुले फोडायची मेहनत नाही.

गाडी बंद होती. टेप बंद होता. चावी माझ्या पोराच्या, देवेशच्या हातात, सगळ्याले दिसन अशी वर धरलेली. अन् गाडीतून आवाज आला. पहिले खोकला. खॉक, खॉक, मंग लांबलचक घरघर. तो खोकला आख्ख्या गावाले पाठ होता. माझ्या नवऱ्याचा, तुळशीरामरावाचा. बुढा मागच्या साली गेला.

"अन्नपूर्णाऽऽ," गाडी म्हणली, "मला लई तरास व्हायलाय. माझा जीव गुदमरायलाय."

लोकाईनं जागच्या जागी हात जोडले. मी दाराची चौकट धरली. खोटं काऊन बोलू, मले बी खरं वाटलं. गेलेला माणूस नाव घेऊन हाक मारते, तेव्हा कोणती बाई विचारत बसन, बाबा रे, तुझी वायर कुठून आली?

झालं असं होतं, की देवेशले गाण्याचा भल्ला शौक. गाडीसंगं आलेले स्पीकर त्याले पटत नव्हते. "आई, कंपनीवाले दारात स्पीकर नाही, पापड बसवतात. आवाज वाढवला की चिरकतात." मंग त्यानं प्रज्वल नावाचा एक फिटर धरून आणला. जालन्याकडचा पोरगा, स्वतःची व्हॅन घेऊन फिरे. त्यानं गाडीचे दारं उघडून आतल्या पत्र्याले काळ्या चिकट शीटा लावल्या, म्हणजे पत्रा थरथरत नाही. पापड काढून मोठे स्पीकर बसवले, आरशापाशी बारीक आवाजाचे चिमुकले ट्विटर, डिक्कीत जाड आवाजाचा पिंपाएवढा वूफर, अन् या सगळ्याले दम देणारा ॲम्प्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली. पहिल्या दिवशी देवेशनं गाणं लावलं, तं शेजारच्या सुवर्णाच्या म्हशीचं दूध आतल्या आतच दही झालं. धार काढाले गेली तं मठ्ठा निघाला. खोटं वाटत असन तं म्हशीले विचारा.

प्रज्वल काम करे, अन् मी ओट्यावर बसून त्याले चहा पाजे अन् गप्पा हाणे. बुढ्याच्या गोष्टी विचारे तो. मी काय, मले कोणी ऐकणारा भेटला पाहिजे. बुढा कसा खोके, कसा रागावे, लग्नात मले न्याले कसा उंटावर बसून आला, सगळं सांगितलं.

गाडी बोलाले लागली ती त्याच्या नंतर. अन् ती बोलाले लागल्याबरोबर प्रज्वलच म्हणला, "आमच्या नादानंद महाराजांना दाखवा."

आले नादानंद. भगवी कफनी, मनगटावर फोनएवढं घड्याळ. गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, दाराले कान लावला, अन् सुरू झाले. "भक्तहो, नाद म्हणजे ब्रह्म! वरच्या ट्विटरमध्ये स्वर्ग, दारातल्या स्पीकरमध्ये पृथ्वी, डिक्कीतल्या वूफरमध्ये पाताळ! तिन्ही लोक या गाडीत वायरिंगनं जोडलेत. अशा गाडीत आत्मा उतरणार नाही तर कुठं, बैलगाडीत?"

"पण महाराज, वारंटी किती सालाची हाय?" मी विचारलं.

"आत्म्याला वारंटी नसते, माय."

"नाही, वूफरची विचारली."

लोक हसले, पण देवेश माझ्यावर भडकला. अन् गाडीनं त्याच दिवशी पुढचं सांगितलं. "माझा जीव अडकलाय. सुनंनं माझ्या गाडीचं चाक हातात धरलं, म्हणून अडकलाय. सून माहेरी पाठवा. गाडी मठात लावा. मग मी सुटतो."

सून म्हणजे नीरजा. लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवते. रोज स्वतः गाडी चालवत जाते अन् येताना रस्त्यात उभ्या असलेल्या बायकाईले बसवून आणते. तीच सून, जिनं बुढ्याचं शेवटलं दुखणं काढलं. अन् आता आख्खं गाव तिच्याकडं पाहे, जशी काही तिनंच त्याच्या गळ्यावर पाय देल्ला. सुवर्णा तिच्या हातची साखर घेईना. देवेश तिच्याशी बोलेना. अमावस्येले गाडी महाराजाच्या मठाले द्यायची अन् नीरजाले अकोल्याले माहेरी सोडायचं, असं ठरलं बी. तिले कोणी विचारलं नाही.

महाराज आले त्या दिवशीचं अजून एक सांगायचं राह्यलं. जाता जाता गाडी हळूच म्हणली, "अन्नपूर्णा, आठवतंय का? मी तुला न्यायला उंटावर बसून आलो होतो."

देवेश ढसाढसा रडला. "पाहा आई! आता तरी मान. हे घरच्याशिवाय कोणाले माहीत?"

अन् माझं रडू जागच्या जागी आटलं.

अहो, कसला उंट! बुढा लग्नाले एस.टी.त उभा राहून आला होता. मुंडावळ्या वरच्या दांडीत अडकल्या, तं कंडक्टरनं सोडवल्या. उंट मीच पैदा केला, पोराईले गोष्टी सांगता सांगता. तो उंट दर साली थोडा थोडा उंच होत गेला. ज्या आत्म्याले माहीत नाही तो लग्नाले कायच्यावर आला, तो माझा नवरा कसा?

अन् मंग सगळंच माझ्या कानात परत वाजलं. "मला" म्हणे. आमचा बुढा जन्मभर "मले" म्हणला. अंगात ताप असो का तोंडात घास, "मले". "व्हायलाय, गुदमरायलाय" हे बोलणं माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरचं. ती जालन्याकडं देल्ली. भली गोड माणसं हायेत तिकडची. पण आमचा बुढा काही तिकडचा नव्हता.

मी देवेशले म्हणलं, "काऊन रे, तुझा बाप कधी 'मला' म्हणे?"

"मेल्यावर भाषा सुधरत असन."

"स्वर्ग काय जालन्याच्या बाजूले हाय बे? अन् उंटगिंट काही नव्हता. मीच बनवला होता."

"आई, सुनेसाठी आता बाबाचा उंट बी नाकारतेस?" पोरगा म्हणला. घ्या! जन्मभर थापा मारल्या, कोणी हू का चू केलं नाही. एक खरं बोलली, तं तेच खोटं ठरलं.

नीरजा भांडे घासत होती. डोळे सुजलेले. मी तिच्यापाशी जाऊन बसली. "पोरी, रडणं मंग कर. आधी हे सांग, गाडी बंद असताना गाडीत आवाज कसा येते?"

तिनं हात पुसले. "आई, आवाज आला म्हणजे करंट आला. करंट आला म्हणजे वायर हाय. मी तेच पाहायचं म्हणून राह्यली, पण देवेश गाडीले हात लावू देत नाही."

"देवेश गेला मठात. चावी खुंटीवर हाय. चल, मले लोणारले देवदर्शनाले ने."

तळ्याच्या वर, जिथं गाड्या उभ्या करतात, तिथं भर दुपारी आम्ही सासूसुनांनी ड्रायव्हरची सीट मागं सरकवली अन् उंदरासारखे आत शिरलो. चावी काढलेली, तरी ॲम्प्लिफायरवर हिरवा दिवा जळत होता.

"हे पाहा," नीरजा म्हणली. "ही निळी वायर. टेप चालू झाला की याच वायरीतून ॲम्प्लिफायरले सांगावा येते, ऊठ. टेप बंद झाला की झोप. प्रज्वलनं ही टेपातून काढून सरळ बॅटरीवर जोडली. म्हणजे हा कधी झोपतच नाही." अन् मंग तिनं बोटानं चाचपत, कार्पेटखालून काड्यापेटीएवढी एक डबी ओढली. "ब्लूटूथ. फोनात बोललं की या डबीतून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून स्पीकरात. पण फोन जवळ पाहिजे, इथून त्या झाडाएवढा."

"म्हणजे प्रज्वलची व्हॅन."

"दरवेळेस आपल्या दारापुढं लिंबाखाली उभी असते ना? महाराज बोलायचे अन् हा आत बसून खोकलायचा. वूफरातून घोगरा आवाज काढला की कोणताही माणूस बुढा वाटते." ती डबी उपटाले लागली.

मी तिचा हात धरला. "राहू दे."

"काऊन?"

"आज उपटली तं तो म्हणन, आत्मा रुसून गेला. दोष तुझ्याच माथ्यावर राहीन. अन् दुसरं," मी म्हणलं, "माझ्या मेलेल्या माणसाच्या तोंडात यानं शब्द घातले, पोरी. माझ्या माणसाच्या. मी इतक्या सस्त्यात सोडत नसते. ही डबी किती फोनाचं ऐकते?"

नीरजा माझ्याकडं पाहून हळूच हसली. भल्ल्या दिवसानं. "एकाचंच. जो पहिले जुळला, तो मालक."

अमावस्येच्या दिवशी पाय ठेवाले जागा नव्हती. नीरजाची बॅग देवेशनं स्वतः डिक्कीत ठेवली. नीरजा तुळशीपाशी उभी होती. महाराज पाटावर बसले, बाजूले महादेवराव हार घेऊन. गावात त्यायचा शब्द मोठा. अन् मी डोकं दुखते म्हणून समोरच्या खोलीत खिडकीपाशी झोपलेली. गोधडीच्या आत नीरजाचा फोन होता, अन् तो सकाळपासून डबीले जुळलेला.

"तुळशीरामजी!" महाराज ओरडले. "गाडी मठाला द्यायची ना?"

काहीच नाही. व्हॅनमध्ये प्रज्वल मान खाली घालून फोन टोचून राह्यला होता.

"तुळशीरामजी, संकोच करू नका!"

मी गोधडीत तोंड खुपसलं. चाळीस-पंचेचाळीस सालं उशाशी ऐकलेला खोकला मले शिकवा लागत नाही. "खॉक! खॉक! कोण रे तो, माझ्या दारात पाटावर बसलेला? ऊठ!"

गाडीच्या काचा थरथरल्या. महाराज उठले. त्यायले वाटलं प्रज्वल रंगात आला.

"आज्ञा, आज्ञा! भक्तहो, आत्मा प्रसन्न हाय."

"कान धर."

"...काय?"

"कान. दोन्ही. उठाबशा काढ."

महाराजानं व्हॅनकडं पाह्यलं. महादेवराव म्हणले, "महाराज, तुम्हीच सांगितलं ना, आत्म्याचं एक अक्षर खाली पडू देऊ नका." देवेश हात जोडून म्हणला, "काढा महाराज. बाबाचा स्वभाव रागीट होता."

अन् महाराजानं कान धरले. कफनी घामानं पाठीले चिकटली, तरी मी थांबली नाही. "अजून खाली जा बे. मले दिसून राह्यलं." पोट्टे मोजाले लागले. बाया पदर तोंडात कोंबून हसाले लागल्या. मनगटावरचं घड्याळ मधातच बोंबललं, की तुमचा व्यायाम चांगला चालू हाय. मले भल्लं बरं वाटलं, लपवत नाही.

"आता माझ्या सुनेच्या पाया पड. अन् जोरानं म्हण, मी लबाड हाय."

नीरजा एक पाऊल पुढं आली. तिनं पाय पुढं केला नाही अन् मागं बी घेतला नाही. फक्त पाहत राह्यली. तिची ती नजर महाराजाले सोसली नाही.

"हा तुळशीराम नाही!" ते किंचाळले. "दुसऱ्याच कोणीतरी कनेक्ट केलंय! प्रज्वल, काय करायलास तिकडं? डिस्कनेक्ट कर ना!"

सगळे व्हॅनकडं वळले.

महादेवरावानं हार हळूच खाली ठेवला. "महाराज," ते म्हणले, "आत्मा कनेक्ट कसा होते?"

मी फोन तोंडाशी धरून, खोकलत दारात आली. "असा होते." शब्द माझ्या तोंडातून निघाला, अन् गाडीतून बुढ्याच्या खोकल्यासंगं वाजला. सुवर्णा मटकन खालीच बसली.

नीरजानं सीट सरकवली, हिरवा दिवा दाखवला, निळी वायर दाखवली, डबी उपटून सगळ्यायच्या हातात फिरवली. वर्गात समजावून सांगते तसं सांगितलं, आवाज न चढवता. प्रज्वलनं व्हॅन चालू केली, पण तिच्यापुढं पोट्ट्याईनं बाजाराचे हातगाडे आडवे लावले होते. देवेश डिक्कीपाशी गेला. बॅग काढली. ती हातात धरून नीरजासमोर उभा राह्यला.

"चुकलो म्हण," मी म्हणलं. "सगळ्यायसमोर म्हण. तिले घरातून काढाले बी सगळ्यायसमोरच निघाला होता."

"चुकलो," तो म्हणला. नीरजानं गाडीची चावी त्याच्या हातातून काढून घेतली. बॅग त्यालेच घरात न्या लागली.

गावाले मी एवढंच म्हणलं अन् तुमाले बी तेच सांगते. हात जोडायच्या आधी सीटखाली पाहा. आवाज कुठून येते ते विचारा, अन् तो आवाज कोणाच्या फायद्याचं बोलून राह्यला ते बी विचारा. विचारल्यानं खरा देव रागावत नाही, फक्त खोटा महाराज रागावते. अन् मेलेला माणूस घरातल्या सुनेले हाकलाले परत येत नाही. हे काम जित्या माणसाईचं असते.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नीरजानं लिहिली, पहिला अंगठा मी ठोकला. सही येते मले, पण अंगठा जोरानं दाबता येते. पोलिसाची जीप आली, तसे महाराज माझ्या पायावर आले.

"माय, माफ करा. लेकरं हायेत घरी."

"माझ्याजवळ काऊन मागतं?" मी म्हणलं. "ज्याच्या तोंडात शब्द घातले, त्याच्याजवळ माग. तुळशीरामरावाजवळ."

त्यायनं खरंच गाडीकडं पाह्यलं. गाडीतून काहीच आवाज आला नाही.

"पाह्यलं?" मी म्हणलं. "मेलेला माणूस बोलत नाही. साहेब, बसवा याले जीपीत."