रफू उसवताना

बटण हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिने एका दरबारी अंगरख्याचं पितळी बटण गिळलं होतं. ते बटण ज्या वाटेने बाहेर यायचं त्या वाटेने येईपर्यंत अख्खं घर तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत बसलं होतं. बटण आलं, घासूनपुसून परत अंगरख्यावर लागलं. पोरीला नाव चिकटलं ते मात्र सुटलं नाही.

तिच्या बाबांना सगळी पेठ सम्राट म्हणायची. फुंकर मारली तर उडून जातील असे हे सम्राट नाटकांचे कपडे भाड्याने देत. एकदा पडदा वर जायच्या आधी नट तापाने आडवा झाला, झगा दुसऱ्या कुणालाच बसेना, तेव्हा झग्यासकट बाबांनाच सिंहासनावर बसवलं गेलं. एक अवाक्षर न बोलता त्यांनी अंक तडीस नेला आणि त्या प्रयोगात सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या, असं निदान त्यांचं तरी म्हणणं होतं.

आईला टोपणनाव नव्हतं. ती आईच होती, दुकानात येणाऱ्या दाढीवाल्या नटांचीसुद्धा. मापं घेताना टाचण्या तोंडात धरून ती त्यांना पोट आत घ्यायला सांगायची आणि ते निमूटपणे घ्यायचे. तिचा रफू असा की उन्हात धरून, उलटसुलट करून, नाक लावून पाहिलं तरी फाटलं कुठे होतं ते सापडू नये. नवीन नटांशी बाबा पैज लावत आणि चहा कायम फुकट पीत.

दुकानाचा एक नियम होता. बटणच्या आजोबांनी घालून दिलेला आणि मोडला तर आभाळच कोसळेल अशा श्रद्धेने पाळलेला. न धुतलेला, न शिवलेला, न इस्त्री केलेला कपडा परक्या माणसाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. प्रयोगातून घामाने भिजून, काखेत उसवून कपडे परत आले की ते मागच्या दाराने आत यायचे. पुढच्या दारी दिसायचे ते थेट राजबिंडे होऊन.

आणि याच नियमाने त्यांचा घात केला.

आग लागली ती रविवारी दुपारी, दुकान बंद आणि घरचे सगळे जेवायला बसलेले असताना. वायर कुठे घासली, ठिणगी कुठे पडली, काही असो. वरचा मजला संपला. सैनिक, पऱ्या, न्यायाधीश, अर्धा डझन सिंह, सगळ्यांची मिळून एक काळी लगदा झालेली रास उरली. खालच्या खोलीत धूर शिरला होता, छताच्या फटींतून निखारे गळले होते आणि त्यावर बंबाचं पाणी. पण खालचे कपडे खुंट्यांवर होते, आकारात होते. ओळखू येत होते. आजोबांनी स्वतः शिवलेला सम्राटाचा जांभळा झगाही त्यांतच होता.

बटणने फोन काढला तसा बाबांनी तो खाली दाबला. भाजलेल्या माणसाचे फोटो काढतं का कुणी, एवढंच ते म्हणाले. तिला ते पटलं, तेव्हा.

दुकानाचा विमा होता. दर वर्षी हप्ता भरताना बाबा कुरकुरायचे, पण भरायचे. कंपनीतून फोन आला की सर्व्हेअर येऊन पाहणी करतील, तोवर काही हलवू नका. बाबा म्हणाले, छे, काहीच हलवणार नाही. आणि शब्दाला जागले. एकही कपडा त्याच्या खुंटीवरून दुसरीकडे गेला नाही.

फक्त, परका माणूस येणार होता. कपडे बघायलाच येणार होता.

आईला रिकामं बसवतही नव्हतं. तिने पहिला झगा खुंटीवरून उतरवला, धुतला, वाळवला, निखाऱ्याने पडलेली भोकं भरली आणि परत त्याच खुंटीवर टांगला. मग दुसरा. बाबा धागे रंगवून देत होते, सुईत ओवून देत होते. बटणची परीक्षा चालू होती, तरी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात इस्त्री धरून तीही राबली. इतक्या दिवसांत घरात कुणी धड बोललं नव्हतं. त्या कामात मात्र बोलणं परत आलं. काळी पडलेली खोटी दाढी लावून बाबा आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, बघ, चांगला तरुण दिसतोय. आई हसलीसुद्धा. बटणला वाटलं, चला, निभावलं.

सर्व्हेअर आले. मऊ आवाजाचा, काजळीने सारखा शिंकणारा माणूस. वरची राख त्यांनी बराच वेळ न्याहाळली, फोटो काढले, मागची बिलं तपासली, काही वावगं बोलले नाहीत. मग खाली आले. ओळीने टांगलेले, कडक इस्त्रीचे कपडे. बाबांनी एकेक कपडा सवयीने पुढे केला, अगदी गिऱ्हाइकाला दाखवावा तसा, बाही पसरून, अस्तराची झळाळी दिसेल असा. सर्व्हेअरनी मान डोलावली आणि म्हणाले, नशीब, एवढं तरी वाचलं. बाबांना ते कौतुक वाटलं. त्यांनी चहा मागवला.

महिन्याभराने अहवाल आला. तळमजल्यावरील माल सुस्थितीत, नुकसान नाही. वरच्या मजल्याचे पैसे, तेही घसारा वजा जाता. त्यात फार तर छत दुरुस्त झालं असतं आणि दोन शिलाई मशिनं आली असती. कपडा घ्यायला, दुकान परत उभं करायला काही उरत नव्हतं. सोबत एक कागद होता: ही रक्कम पूर्ण आणि अंतिम म्हणून मान्य आहे, इथे सही.

बटणने अहवाल वाचला आणि ती खुंट्यांकडे बघत राहिली. आई तिकडे बघतच नव्हती.

"मग चांगलेच आहेत ना ते," बटण म्हणाली. "भाड्याने देऊ."

बाबांनी जांभळा झगा उतरवला, तिच्या अंगात घातला आणि हात वर कर म्हणाले. तिने केला. काखेपासून कमरेपर्यंत कापड वाळक्या पानासारखं तडकलं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

कापड आचेने मेलं होतं. भोकं भरता येतात. भोकांच्या मधलं जिवंत करता येत नाही. हे आईच्या बोटांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं, बाबांनाही कळलं होतं, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं. खुंटीवर टांगलेले राहिले तर ते कपडे सुंदर होते. अंगावर घालायचे नव्हते, एवढंच.

बाबांचा सूर तेव्हापासून एकच. सही करून टाकू. मिळतंय ते पदरात पाडून घेऊ. चूक आपलीच, आपणच सजवून दाखवले, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? बटण म्हणाली, आहे त्याच तोंडाने. तोवर ती बँकेत स्लिप भरतानाही शेजारच्याला विचारणारी मुलगी होती, पण आता तिने कंपनीच्या कचेरीत चकरा मारल्या. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत. शेवटी सर्व्हेअरच जिन्यात सापडले.

सगळं ऐकून ते पायरीवर थांबले. म्हणाले, "मी जे पाहिलं ते लिहिलं. जे पाहिलं नाही ते कसं लिहू?"

"आणि दाखवलं तर?"

"तर लिहीन. पण ऐकीव नको. दिसलं पाहिजे."

मंगळवारी परत येतो म्हणाले.

बटण घरी आली तेव्हा आई भांडी घासत होती. तिच्या पाठीशी बोलणं सोपं होतं, म्हणून बटण पाठीशीच बोलली. रफू उसवावा लागेल, म्हणाली. सगळा. त्यांच्यासमोर.

आईने नळ बंद केला, हात पुसले आणि आत निघून गेली. बाबा बटणवर भडकले. इतके की त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला असावा. तिला नीट बसून जेवता आलंय का इतक्या दिवसांत? त्या सुईनेच सावरली ना ती? आणि तू तिला तेच फाडायला सांगतेस, परक्यासमोर? बटणलाही मग राहवलं नाही. सम्राट म्हणवून घेता आणि एका कागदापुढे गुडघे टेकता, असं ती बोलून गेली. बोलल्याबरोबर तिला ते शब्द परत गिळावेसे वाटले. पण शब्द म्हणजे काही बटण नव्हे.

मंगळवारी सर्व्हेअर आले. बाबांनी खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. सकाळपासून खुंट्यांना कुणी हात लावला नव्हता, आणि आई काय करणार ते बटणला माहीत नव्हतं.

आई आतून आली. तिच्या हातात उसवणीची छोटी कात्री होती. तिने जांभळा झगा मांडीवर घेतला, दिवा जवळ ओढायला सांगितला आणि छातीवरच्या रेशमाकडे क्षणभर पाहिलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. तिने कात्रीचं टोक बरोबर तिथेच घातलं.

धागा सुटला, कड निसटली आणि सुपारीएवढं करपलेलं भोक उघडं पडलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग मुठीएवढं एक. आई धागे ओढून काढत होती, गुडघ्यावर ठेवत होती, पुढे सरकत होती. झगा संपेपर्यंत त्याची चाळण झाली होती. सर्व्हेअरनी कापड बोटांत धरून जरा ताणलं, त्याचा तुकडा त्यांच्या चिमटीत आला, आणि त्यांनी तो कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

दुसरा अंगरखा. तिसरा. राणीचा घागरा. सर्व्हेअर हळूच म्हणाले, "ताई, पुरे. माझ्या लक्षात आलं."

"नाही," आई म्हणाली. "सगळे बघा. अर्धे बघून अर्धेच लिहाल."

तिने एकही सोडला नाही. उन्हं खोलीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. मध्येच कधीतरी बाबा दारातून वळले, खाली येऊन बसले आणि उसवलेले कपडे तिच्या मांडीवरून उचलून नवीन ठेवू लागले. बटण धागे गोळा करत होती. इतके धागे तिने शिवताना पाहिले नव्हते. सर्व्हेअर एकही चहा न घेता शेवटपर्यंत बसले. जाताना त्यांनी आईला हात जोडले आणि शिंकले.

या वेळचा अहवाल वेगळा होता. तळमजल्यावरचा माल पूर्ण नुकसान. रक्कम रास्त होती, कुणालाही नाव ठेवता येऊ नये इतकी. तिच्यात कापड येणार होतं, मशिनं येणार होती, दुकान परत उभं राहणार होतं. बटण कागद घेऊन घरभर नाचली आणि नाचता नाचता तिने शेवटची ओळ वाचली.

पूर्ण नुकसानीचे पैसे दिले की तो माल कंपनीचा. कंपनी तो चिंध्यांच्या व्यापाऱ्याला विकते. ठेवून घ्यायचा असेल तर तेवढी किंमत कापून घेऊ, असंही लिहिलं होतं. किंमत अगदीच किरकोळ होती. चिंध्यांची असते तेवढी.

बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, फक्त झगा ठेवू. वडिलांच्या हातचा आहे. बाकीचे जाऊ देत. ते आईकडे बघत होते, आणि बटणला वाटलं की हे तर मागायचीही गरज नाही.

"एकही नको," आई म्हणाली.

"अगं, एकच."

"एक ठेवलात तर मी परत शिवायला बसेन," आई म्हणाली. "आयुष्यभर तेच करत बसेन. जाऊ दे तो."

बाबांनी मान खाली घातली आणि त्या कागदावर सही केली. भांडून, चकरा मारून, जिन्यात माणूस गाठून बटणने जे मिळवलं होतं ते हेच. कचेरीत तिच्या तोंडी जे शब्द आले होते त्यांचा तिला केवढा अभिमान वाटला होता. आता ते कुणी परत विचारले असते तर तिला आठवलेही नसते.

व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला. गाडीवाला पोती घेऊन उतरला, पहिलाच अंगरखा खुंटीवरून ओढून बोळा करून कोंबायला निघाला.

"थांबा," बाबा म्हणाले.

त्यांनी तो अंगरखा परत बाहेर काढला, टेबलावर पसरला. बाह्या आत, गळा वर, मग तीन घड्या, अशी त्यांच्या दुकानातली रीत होती. दुसऱ्या टोकाला आई येऊन उभी राहिली आणि तिने कड धरली. गाडीवाला म्हणाला, अहो काका, याच्या पुसायच्या चिंध्या होणार आहेत, कशाला उगाच. बटणने पुढचा कपडा काढून दिला.

भोकांवर भोकं येत होती, करपलेल्या कडा बोटांत तुटत होत्या, तरी घडी सरळ पडत होती. झग्याची पाळी आली तेव्हा आईने जांभळी बाही तळव्याने सपाट केली, पुन्हा एकदा केली, आणि बाबांनी ती आत दुमडली.

गाडीवाल्याने थोडा वेळ पाहिलं. मग बाहेर जाऊन इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून राहिला.