पंधरा दिवस भिंतीपलीकडे

भामा बीएस्सी झाली त्या उन्हाळ्यात तिची माय गेली. निकाल लागला तेव्हा तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. पेढे कुणाला द्यायचे, हे बापालाही कळेना आणि तिलाही. शेवटी तिने सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि अंगणात फेकली. कोंबड्या पंख फडफडवत धावल्या. त्या मायच्या, भागूबाईच्या होत्या.

भागूबाईने लग्नानंतर जिंतूरकडून येताना टोपलीत एक करडी कोंबडी आणली होती. मलकपेठेच्या त्या अंगणातलं सगळं गोत तिच्यापासून वाढलं. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी कधी ठेवायची, कोणती पिल्लं वाढवायची, कोणती द्यायची, हे भागूबाईच्या डोक्यात असे. तिचा एकच नियम अगदी कडक होता. बाहेरून आलेलं पाखरू पंधरा दिवस भिंतीपलीकडे, शेजारच्या महबूबबीच्या पडवीत, डालग्याखाली राहायचं. सख्ख्या भावाने आणलेली कोंबडीसुद्धा. महबूबबी हसायची, "भागू, तेरे मुर्गियां को बी परदा लगता क्या?" भागूबाई म्हणायची, "लगता." तिच्या हयातीत मानमोडी, कोंबड्यांची मान पिरगाळून मारणारी साथ, वस्तीत तीनदा येऊन गेली, पण त्या अंगणात कधी शिरली नाही.

बरोबरच्या मुली नारायणगुड्याच्या शाळांत शिकवायला लागल्या. भामाने पशुसंवर्धन खात्यात अर्ज केला, कारण तिला वाटलं, तिथे कोंबड्या असतील. तिथे फायली होत्या. कुठल्या तालुक्यात पक्षी किती, त्यातले देशी किती, विलायती किती, याचे तक्ते ती दिवसभर भरायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर चप्पलही न काढता आधी खुराड्यात वाकून पाहायची. तिच्या बापाचं, देवरावचं, तबेल्यातलं काम तोवर सुटलं होतं. घोड्यांना खरारा करण्यात उभी हयात गेली, आता डोळ्यांत फूल पडत चाललं होतं. तो दिवसभर कोंबड्यांत असे. बायकोशी बोलावं तसं त्यांच्याशी बोले.

पुढच्या वर्षी राज्याची भाषावार विभागणी ठरली. कचेरीत याद्या लागल्या. कुणी बंगळूरकडे, कुणी मुंबई राज्यात. भामाच्या नावापुढे औरंगाबाद होतं. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं.

"बा, तुला इथं एकट्याला कसं ठेवू?"

"एकटा कुठं हाय?" देवरावने अंगणाकडे हनुवटी केली. "तू जाय. पगार घे. सणाला ये."

"तुला ताटातलं दिसत नाही धड."

"करडी दिसती."

"त्यांना पण नेऊ की."

"रेल्वेत? दीड दिवस? निम्म्या वाटंतच मरतील, माय. तुही माय असती तर तुला तोंड वर करून बोलू दिलं नसतं."

ऑगस्ट, सप्टेंबर, रोज तेच. तो एकटा राहिला तर चूल पेटवताना भाजून घेईल, विहिरीच्या काठाशी पाय घसरेल, हे तिला उघड दिसत होतं. एका संध्याकाळी तिचा तोल गेला. "ह्या कोंबड्या मेल्याबिगर तू काही हलायचा नाहीस!" ती म्हणाली. देवराव काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. भाकर ठेवली की खायचा, पाणी दिलं की प्यायचा.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून येताना तिच्या हातात एक कोंबडा होता. बंगळूरला निघालेल्या एका साहेबांच्या बंगल्यात सामानाची वाटावाट चालली होती. कपाटं, कुंड्या, पलंग. साहेबांच्या बायकोने विचारलं, "तुम्हारे वालिद को मुर्गियों का शौक है ना?" आणि हा पांढराशुभ्र लेगहॉर्न, तुरा लालभडक, तिच्या हवाली केला. बंगल्यातली बाकीची पाखरं कुठे गेली, हे भामाने विचारलं नाही. विलायती जात बापाने उभ्या जन्मात हातात धरली नव्हती. तो हात फिरवून पाहील, काहीतरी बोलेल, एवढंच तिच्या मनात होतं.

भिंतीवरून महबूबबीने पाहिलं. "या अल्ला! देवरावभाई, बेटी अफसर बन गई तो मुर्गे बी अफसरां के आने लगे!" आणि सवयीने तिने हात पुढे केले. "लाओ इधर. डालगा खाली च है."

देवराव उठला होता. त्याने कोंबडा छातीशी धरला, तुऱ्यावरून, पाठीवरून, पायांच्या खवल्यांवरून बोटं फिरवली. तीन दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

"नको, भाभी," तो म्हणाला. "पोरीनं आणलाय. बीएस्सी पोरगी माही. तिच्या हातचं पाखरू परक्याच्या पडवीत ठिवू? हा आपल्या घरात राहील."

तो चाचपडत खुराड्याकडे निघाला.

भामा अंगणाच्या मध्ये उभी होती. नवं पाखरू वेगळं ठेवावं, हे तिने माय जिवंत असताना शेकडो वेळा ऐकलं होतं. खात्याच्या पत्रकावर तिने ते स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं होतं. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. पण बाप बोलला होता, हसला होता, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बीएस्सी म्हणाला होता. ती गप्प राहिली. खुराड्याचं दार उघडलं आणि लागलं.

सहाव्या दिवशी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, कोपऱ्यात पंख पाडून बसली. दुसऱ्या दिवशी तिची हगवण हिरवी झाली, मान वळून पाठीवर गेली. मग एकीमागून एक. भामाने कचेरीतून लस आणायला धाव घेतली, तिथले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "रोग आत आल्यावर लशीचा काय उपयोग? तुम्हाला हे मी सांगावं लागतं?" देवराव मागच्या बाजूला खड्डे खणून, चुना टाकून एकेक पुरत होता. आळीतलं कुणी म्हणालं, देवीला काही देऊन टाका. तो म्हणाला, "भागूनं कधी दिलं न्हाई."

त्या पहिल्या करडीच्या वंशातली, तिलाही ते करडीच म्हणत, सगळ्यांत शेवटी गेली. रविवारी दुपारी, देवरावच्या मांडीवर. तिची मान सरळ राहावी म्हणून तो दोन बोटांनी खालून आधार देत होता. मेल्यावरही बराच वेळ त्याने बोटं काढली नाहीत.

पांढऱ्याला काही झालं नाही. तो रिकाम्या अंगणात हिंडत होता, दाणे टिपत होता. असली पाखरं रोग अंगात घेऊन हिंडतात, स्वतः मरत नाहीत, हे पण पत्रकात होतं. भामा त्याला भिंतीपलीकडे द्यायला गेली, तर महबूबबी दाराआडून म्हणाली, "नक्को बेटा, मेरेकू नक्को."

संध्याकाळी देवराव हातपाय धुऊन ओट्यावर बसला.

"कव्हाचं हाय तुहं हजर व्हायचं?"

"एक तारखेचं."

"दोन तिकिटं काढ."

तीन महिने तिला हेच हवं होतं. ती त्याच्या पायाशी खाली बसली.

"बा, मला म्हाईत होतं. भिंतीपलीकडं ठेवायचा. मी बोलले नाही."

"हां."

"बोलायला पाहिजे होतं."

"मला काय म्हाईत नव्हतं?" देवराव म्हणाला. "बावीस वर्सं ऐकलं म्या."

"मग काहून आत घेतलास?"

पलीकडे महबूबबी तांदूळ निवडत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"तू दोन दिस खाली मान घालून भाकर वाढत व्हतीस," तो म्हणाला. "मला ते बघवंना."

तिला वाटलं होतं, तो शिव्या देईल. द्याव्यात. तो उलट विचारू लागला, तिकडचं घर कसं आहे, पाणी लांब आहे का.

"नळ आहे म्हणतात."

"अंगण?"

"आहे, बा. मोठं आहे. आपण तिथं—"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "झाडून ठेवू. काही पाळायचं न्हाई."

सोमवारी सकाळी ती काचीगुड्याच्या स्टेशनावर गेली. खिडकीपुढची रांग लांब होती, बदलीची माणसं, ट्रंका, पोरं. तिची पाळी आली तेव्हा ती हातातल्या कागदाकडे पाहत राहिली. बाबूने दोनदा विचारलं, "किधर कू?" मागच्या बाईने तिच्या हातातला कागद वाचून तिच्याऐवजी सांगितलं, औरंगाबाद, दो.

"वापसी बी होना?" बाबूने परतीचं विचारलं.

भामाने मान हलवली. नाही.