जाकिटाच्या खिशातला थर्मामीटर

मित्रांनो, चष्म्याच्या जुन्या डबीत कापूस अंथरून ज्याला निजवलंय, तो काचेचा थर्मामीटर म्हणजे मी. वयाने जुना, अंगाने बारीक आणि स्वभावाने जरा तिरसट. हल्ली पीं पीं करणारे नवे आलेत, ते आपणहून आकडा दाखवतात. मला मात्र उजेडात तिरपा धरून, डोळे बारीक करून वाचावं लागतं. आहे ते आहे तेवढंच सांगायचं, ही माझी खोड. त्या खोडीपायीच एकदा मला लपवून ठेवण्यात आलं. तेव्हा काय घडलं ते आठवलं की अजून माझा पारा थरथरतो.

कारखान्यात काच तापवून माझी नळी ओढली, पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा काढल्या. दुकानातून मला या घरी आणलं ते आईने. आई घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते आणि बाबा सुतार आहेत. त्यांची एकच मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. एकदा शाळा चुकवायला भिंगरीने मला दिव्याला टेकवलं. मी बिचारा एकशे सहावर जाऊन पोचलो! आईने मला पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई! एवढा ताप? मग आज कपडे तुझ्या पाठीवरच इस्त्री करते." भिंगरी दप्तर घेऊन जी पळाली! एरवी मी खणात बटणं नि सुयांच्या संगतीत पडून असायचो. कुणाला माझी आठवण नसायची, आणि घराला माझी आठवण नसणं हे किती सुखाचं असतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग एकदा तिला ताप आला तो हटेचना. पायांवर निळे डाग उठले. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. रक्त तपासलं, मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे. उपचार लांबलचक आहेत, पण पुष्कळ मुलं यातून बरी होतात." बाबा म्हणे नुसते मान हलवत राहिले. पुढचं मात्र आईने घरी येऊन पुन्हा पुन्हा म्हटलं, म्हणून मलाही पाठ झालं. या औषधांनी अंगातली रोगाशी झगडायची ताकद कमी होते. अशा वेळी ताप आला तर घरी वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखान्यात यायचं. उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

तेव्हापासून मी घरातली सगळ्यात भीतिदायक वस्तू झालो. भिंगरीचे केस गेले, तोंड आलं, म्हणून आई मला तिच्या काखेत लावायची. सकाळी लावायची, जेवायच्या आधी लावायची, ती शिंकली तरी लावायची. मला खिडकीपाशी नेऊन ती दोनदोनदा वाचायची. बाबा म्हणायचे, "अगं, किती वेळा बघशील? पोरगी कंटाळली. तूही आजारी पडशील अशाने."

एके सकाळी कामाला निघताना बाबांनी मला खणातून उचललं आणि दारामागे टांगलेल्या त्यांच्या जाड जाकिटाच्या खिशात सरकवून दिलं. आत काळोख होता आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. मला वाटलं, चुकून ठेवलं असेल. काही वेळाने आईने खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा खण उघडला. मग डबे, गाद्या, कपड्यांचे गठ्ठे. "इथेच तर ठेवला होता! कुठे गेला मेला?" अहो, मी हाताच्या अंतरावर होतो. पण मला तोंड आहे का?

दुपारी भिंगरीचा आवाज आला. "आई, मी इथेच आडवी होऊ?"

तिने आडवं व्हायला विचारावं, तेही भर दुपारी? माझ्या काचेला कापरं भरलं. आईने इस्त्री खाली ठेवली. मग पोरीच्या कपाळाला हात लावला असावा.

"नाही गं, गारच आहेस," आई म्हणाली. "दमली असशील."

मित्रांनो, सकाळपासून इस्त्री चालली होती. आईचे हात इतके तापले होते की त्यांना कुणाचंही कपाळ गारच लागलं असतं. आणि खरं सांगू का, तिला ते गार लागायला हवंही होतं. ती पुन्हा इस्त्री करू लागली. इकडे मी खिशात तडफडत होतो. बाई गं, हात थंड पाण्यात घाल, गाल लाव, काहीतरी कर!

मग दात वाजल्याचा आवाज आला. "आई, मला पांघरूण दे ना."

इस्त्री दाणकन आपटली. आईने या वेळी भिंगरीच्या कपाळावर आपला गालच टेकला असावा, कारण ती एकदम किंचाळली, "अगं आई गं! माझेच हात तापलेत!" तिने लगेच वॉर्डातल्या सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, अंग भाजतंय तिचं. आकडा नाही हो माझ्याकडे, थर्मामीटर सापडत नाहीये."

पलीकडून काय उत्तर आलं ते आईच्या धावपळीवरून कळलं. थंडीने कुडकुडणाऱ्या पोरीला गुंडाळायला तिने दारामागचं जाकीट ओढलं आणि टॅक्सी गाठली. टॅक्सीत तिच्या हाताला मी लागलो. तिने मला बाहेर काढलं आणि नुसती बघत राहिली. मग झटकून भिंगरीच्या काखेत लावलं. मी एकशे तीन दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण चुकत असू तर किती बरं!

दवाखान्यात डॉक्टर-सिस्टरनी भराभर सुई लावली, औषध सुरू केलं. सिस्टर म्हणाल्या, "आकडा नसताना निघालात ते फार बरं केलंत." भिंगरी डोळे उघडत नव्हती. बाबा कामावरून तसेच धावत आले, तेव्हा आईने मला त्यांच्यासमोर धरलं.

"मीच ठेवला होता," बाबा म्हणाले.

"मी सारखी बघते म्हणून?"

"नाही गं. तसं म्हणत होतो एवढंच." ते भिंतीला टेकले. "मलाच बघवत नव्हतं. तू खिडकीपाशी जायचीस ना, तेव्हा मी तोंड फिरवायचो. एक दिवस तरी तो आकडा नको, एवढंच वाटलं. माझी पोर जाता जाता..." आणि ते ढसाढसा रडले.

आईलाही रडू फुटलं होतं, पण तिने मला त्यांच्या मुठीत कोंबलं. "मला काय आवडतं का ते बघायला? मी एकटीने नाही बघणार यापुढे. आता तुम्ही बघायचं. आणि मोठ्याने वाचायचं."

त्यानंतरचे दिवस फार वाईट होते. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. सिस्टरकडे नवा थर्मामीटर होता, तरी बाबा मलाही लावायचे. मित्रांनो, मला वाचल्याने कुणाची भीती कमी होत नाही. पण कृपा करून मला लपवू नका. वाचवत नसेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा, पण वाचा.

एका संध्याकाळी बाबांनी मला उजेडात धरलं. हात इतका कापत होता की रेघच दिसेना. आईने त्यांचं मनगट धरलं.

"एकशे एक," बाबा कसेबसे म्हणाले.

कॉटवरून खोल गेलेला, पण चिडका आवाज आला, "बाबा, मोठ्याने वाच ना. माझा ताप आहे, मला नको का कळायला?"

बाबांनी डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं. या वेळी तिघांनाही ऐकू गेलं.