तीन पुढे, एक डावीकडे

“हे कुणाच्या बापालाही खरं वाटणार नाही,” मामंजी खुर्चीत सरसावून बसले, “पण मी एकदा एका माणसाच्या टकलावरून रस्त्याची रेघ ओढली होती.”

सुनेने मान वर केली नाही. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी उपसून तिचे हात असे आंबले होते की पेन्सिलसुद्धा जड लागत होती. पुढ्यात सदिशांचं पुस्तक केव्हाचं त्याच पानावर उघडं पडलं होतं. सकाळी परीक्षा, आणि ही शेवटची संधी. पास झाली तर नकाशे काढणाऱ्या कचेरीत टेबल-खुर्ची. नाहीतर वाफ, साबण आणि चादरी पाचवीलाच पुजलेल्या.

“मामंजी, आज नको हो. डोकं चालत नाहीये.”

“अडलंय कुठं?”

“सदिश दिलाय, तीन आडवे, एक वर. त्यावरून रेषा काढा म्हणतात. मी काढते, ती भलत्याच जागी येते. मागच्या खेपेलाही इथंच आपटले.”

मामंजींनी हयातभर रंगाची गाडी ढकलत रस्त्यावर पांढरे पट्टे मारले होते. आता गाडी गेली होती, थापा तेवढ्या शिल्लक होत्या.

“हात्तिच्या! आमचा मुकादम असाच. म्हणाला, दर ढकलीला तीन पावलं पुढे, एक डावीकडे. आणि गेला की निघून! सुरुवात कुठून, ते सांगितलंच नाही. मी निघालो खांबापासून. ढब्बू निघाला खांबाच्या उजव्या हाताला नळ होता, तिथून.”

“ढब्बू कोण आता?”

“माझा जोडीदार. अंगानं रेडा. त्याच्या एका ढकलीत सहा पुढे, दोन डावीकडे.”

“मग त्याची रेघ वाकडी गेली असणार.”

“वाकडी का जाईल? जोर दुप्पट, तोंड तिकडेच. लवकर पोचला, एवढंच.”

जांभई अर्धवट गिळून तिने पानावर एक खांब काढला, एक नळ काढला. खांबापासून तीन-एक, तीन-एक. नळापासून सहा-दोन. हात चालता चालता थबकला. पुस्तकातल्या गणितातही सदिशाच्या आधी एक बिंदू दिलेला होता. तो दर वेळी वाचून ती सोडून द्यायची आणि पानाच्या कोपऱ्यापासूनच निघायची.

“ऐकतेयस ना? वाटेत एक कुत्रं झोपलं होतं. उठलं ते झेब्रा होऊन! पुढे न्हाव्याचं दुकान आडवं आलं. म्हटलं, आता वळायचं नाही. दारातून आत, गिऱ्हाइकाच्या टकलावरून, मागच्या खिडकीतून बाहेर. न्हावी म्हणतो, वा, भांग काय सरळ पडलाय!”

दमलेल्या तोंडाने ती हसली. पेन्सिल मात्र थांबली नाही. दोन्ही रेघा पानाच्या कडेपर्यंत गेल्या.

“आणि मग संध्याकाळी नदीकाठी,” मामंजींचा आवाज एकदम मऊ झाला, “माझी रेघ अन् ढब्बूची रेघ अशा धाडकन भिडल्या, की दोन्ही गाड्या उलटून रंग उडाला. उडाला तो थेट कपडे वाळत घालणाऱ्या एका मुलीच्या अंगावर. तीच तुझी सासू!”

सुनेने पानाकडे पाहिलं. खांब आणि नळ यांच्यात जेवढं अंतर होतं, तेवढंच कडेलाही होतं. तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

“थाप! मामंजी, धडधडीत थाप! दोघांचं तोंड एकाच दिशेला, आणि नळ काही खांबाच्या रेघेवर नव्हता. त्या रेघा जन्मात भेटायच्या नाहीत. मग तुमचं लग्न जमलं तरी कसं?”